नव्या प्रोसेसरचे मूल्यमापन : एका अपेक्षाभंगाची चिकित्सा

ए. एम. डी. कंपनीचे रायझेन ७ ९७००एक्स आणि रायझेन ५ ९६००एक्स हे दोन डेस्कटॉप प्रोसेसर ८ ऑगस्ट २०२४ रोजी विक्रीस आले. त्याच मालिकेतील बारा व सोळा कोअरचे दोन प्रोसेसर त्यानंतर आठवड्याने, १५ ऑगस्टला, बाजारात दाखल झाले. दोन महिन्यांपूर्वी तैपेई येथील कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात कंपनीने ‘झेन ५’ या त्यांच्या रचनेविषयी असे जाहीर केले होते की, घड्याळाची गती तीच ठेवली तरी ही रचना आधीच्या ‘झेन ४’पेक्षा सरासरी १६ टक्के अधिक काम करील. प्रत्यक्ष चाचण्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा, विशेषतः संगणकीय खेळांच्या चाचण्यांत, हा आकडा बहुतेक परीक्षकांच्या हाती लागला नाही. काही खेळांत तर आलेखावरील नावे झाकली असता जुना कोणता व नवा कोणता हे ओळखता येऊ नये, इतका फरक अल्प होता. परीक्षणांतून ‘निराशा’ हा शब्द जागोजाग उमटला आणि तो तसाच रूढ झाला. या शब्दाची फोड करून पाहणे अगत्याचे आहे. परीक्षकाची निराशा आणि ग्राहकाची हानी या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या एकच आहेत असे धरून चालले म्हणजे घेऊ नये तेव्हा घेण्याचा आणि घ्यावे तेव्हा हात आखडण्याचा प्रमाद घडतो.

निराशा ही वस्तूच्या अंगी असत नाही. ती वस्तू आणि अपेक्षा यांच्यामधील अंतरात असते. तेव्हा पहिला प्रश्न असा की, येथे अपेक्षा कोणाची व कशावर बेतलेली होती? झेन ५च्या परीक्षणांत तीन वेगळी अंतरे एकत्र मोजली गेलेली दिसतात. कंपनीने सांगितले काय आणि दिले काय, हे एक. मागील पिढीच्या तुलनेत नव्या पिढीने किती मजल मारली, हे दुसरे. आणि ग्राहकाच्या मेजाखाली आज जे यंत्र आहे त्याच्या तुलनेत त्याला काय लाभेल, हे तिसरे. पहिल्या अंतराचा संबंध सत्यवचनाशी आहे, दुसऱ्याचा अभियांत्रिकीच्या इतिहासाशी. खरेदीचा निर्णय मात्र केवळ तिसऱ्यावर अवलंबून असावयास हवा. बहुसंख्य परीक्षणे दुसऱ्यावर सर्व शक्ती खर्च करतात आणि तिसऱ्याचा निकाल त्यातून आपोआप निघतो असे गृहीत धरतात. तो तसा निघत नाही.

आता त्या रचनेकडे वळू गेल्यास असे दिसते की, झेन ५चा कोअर हा काही जुन्यालाच दिलेला रंगाचा नवा हात नव्हता. झेन ४मध्ये एका वेळी सहा सूक्ष्म आज्ञा पुढे धाडल्या जात, झेन ५मध्ये आठ. पूर्णांकांची गणिते करणारी एकके चारांची सहा झाली. पहिल्या पातळीवरील डेटा कॅश ३२ किलोबाइटवरून ४८ किलोबाइटवर गेली. आज्ञा उलगडणारी यंत्रणा एकाऐवजी दोन गटांत विभागण्यात आली. कोअर असा चोहोबाजूंनी रुंदावला. परंतु त्या कोअरला माल पुरविणाऱ्या वाटेचे काय झाले? आठ कोअरच्या तुकड्यामागे असणारी तिसऱ्या पातळीची कॅश पूर्वीइतकीच, म्हणजे ३२ मेगाबाइट, राहिली. आणि रॅमशी बोलणे करणारा ६ नॅनोमीटरचा वेगळा तुकडा तर २०२२ सालच्या मालिकेतूनच जसाच्या तसा उचलण्यात आला. गिरणीतले जाते थोरले बसविले, पण धान्याची पोती ज्या बोळातून येतात तो बोळ तेवढाच अरुंद ठेवला, तर पीठ किती जास्त पडेल? ज्याचे धान्य आधीच जात्याशेजारी रचून ठेवलेले आहे त्याला फरक मोठा दिसेल. ज्याचे पोते दर खेपेस बोळातून यावयाचे त्याला जवळजवळ दिसणार नाही. संगणकीय खेळ हे या दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यांना लागणारी माहिती स्मृतीत विखुरलेली असते, पुढे कोणती लागेल याचा अंदाज बांधणे अवघड असते आणि कोअर किती रुंद आहे यापेक्षा तो किती वेळ वाट पाहत बसतो यावर त्यांची गती ठरते.

हे निदान केवळ तर्काने मांडलेले राहिले असते. परंतु तीनच महिन्यांत त्याचा पडताळा मिळाला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी रायझेन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर ४७९ डॉलर किमतीस आला. त्यातील आठ कोअर त्याच झेन ५ रचनेचे होते. फरक एवढाच की, कोअरच्या तुकड्याखाली कॅशचा एक जादा थर बसवून तिसऱ्या पातळीची कॅश ९६ मेगाबाइटपर्यंत नेलेली होती. याच घराण्यातील आधीच्या प्रोसेसरांत हा थर कोअरच्या डोक्यावर असे, त्यामुळे उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होई व घड्याळ मंद ठेवावे लागे. तो खाली गेल्याने तीही अडचण बरीचशी दूर झाली. ऑगस्टमध्ये ज्या कोअरला निराशाजनक म्हटले गेले, तोच कोअर नोव्हेंबरमध्ये खेळांसाठी सर्वोत्तम ठरला. ज्या परीक्षणांनी ऑगस्टमध्ये रचनेलाच दोष दिला होता त्यांचा निष्कर्ष येथे उघडा पडतो. दोष होता तो पुरवठ्यात. अर्थात् ऑगस्टच्या ग्राहकाला हे समजून विशेष उपयोग नव्हता, कारण त्याला कोअर आणि पुरवठा हे एकाच डबीत बंद करून विकले जात होते. त्यामुळे परीक्षकांचा निकाल ग्राहकापुरता बरोबर आणि कारणमीमांसेपुरता चुकीचा, असे म्हणावे लागेल.

शिवाय ऑगस्टचे प्रोसेसर सर्वच क्षेत्रांत निस्तेज होते असेही नाही. ५१२ बिटांच्या रुंद आज्ञा झेन ४ दोन हप्त्यांत पार पाडीत असे. डेस्कटॉपवरील झेन ५ त्या एकाच हप्त्यात पार पाडतो. ज्यांच्या गणनकार्यात अशा आज्ञांचा भरणा आहे त्यांना लाभ ठळक दिसला. दुसरी गोष्ट विजेची. ९७००एक्सला ६५ वॅटचा वर्ग देण्यात आला होता, तर त्याचा पूर्वज ७७००एक्स हा १०५ वॅटच्या वर्गातला होता. कमी विजेवर तेवढेच किंवा थोडे अधिक काम, ही कामगिरी एरवी स्तुतीस पात्र ठरली असती. परंतु आलेखाच्या आडव्या पट्टीत वॅट दिसत नाहीत. कंपनीनेही आपल्या या गुणाची पाठराखण केली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने १०५ वॅटची मुभा देणारे फर्मवेअर आणले आणि जे तिचे एक चांगले म्हणणे होते ते स्वतःच मागे घेतल्यासारखे केले.

कंपनीच्या वर्तनातील खरा दोष मात्र अन्यत्र आहे, आणि तो पहिल्या अंतराशी, म्हणजे सत्यवचनाशी निगडित आहे. परीक्षकांचे आकडे आपल्या आकड्यांशी का जुळत नाहीत याचा खुलासा करताना कंपनीने ऑगस्टअखेरीस असे सांगितले की, तिच्या स्वयंचलित चाचण्या विंडोजच्या प्रशासक खात्यातून चालविल्या गेल्या होत्या. त्या खात्यात प्रोसेसरच्या शाखा-अनुमानाविषयीची एक सुधारणा कार्यान्वित होती. सर्वसामान्य वापरकर्त्याच्या खात्यात ती नव्हती. म्हणजे कंपनीने जे मोजले ते कोणीही घरी वापरीत नाही अशा स्थितीत मोजले. हा अप्रामाणिकपणा होता असे म्हणण्यास आधार नाही. हलगर्जीपणा मात्र निःसंशय होता. पुढे मायक्रोसॉफ्टने ती सुधारणा विंडोज ११च्या अद्यतनातून सर्वांना दिली. तेव्हा एक मौजेची गोष्ट घडली : झेन ५ची गती वाढली खरी, पण तिच्याबरोबर झेन ४ आणि झेन ३ यांचीही वाढली. दोघांमधील अंतर थोडेफार होते तेथेच राहिले. नव्या प्रोसेसरची बाजू सावरण्यासाठी आणलेल्या औषधाने जुन्या प्रोसेसरच्या मालकाला फुकट गुण आला. ज्यांनी ऑगस्टमध्ये काहीच विकत घेतले नव्हते, त्यांचाच त्या महिन्यात सर्वांत अधिक लाभ झाला, असे म्हणता येईल.

परीक्षकांच्या पद्धतीवरही एक आक्षेप घेता येतो. प्रोसेसरची तुलना करताना त्या काळातील सर्वांत शक्तिमान ग्राफिक्स कार्ड लावावयाचे आणि चित्राची घनता कमी ठेवावयाची, असा प्रघात आहे. यामागील तर्क निर्दोष आहे : ग्राफिक्स कार्डाचा अडसर दूर केल्याशिवाय प्रोसेसरमधील फरक दिसणारच नाही. रसायनशाळेत पदार्थ शुद्ध करून तोलतात तसेच हे आहे. परंतु शुद्ध करून तोललेला पदार्थ कोणी जेवत नाही. मध्यम किमतीचे कार्ड व घन चित्रपटल असलेल्या घरी तोच खेळ चालविला तर कार्ड हाच अडसर ठरतो, आणि प्रयोगात वीस टक्क्यांनी पुढे असणारा प्रोसेसर तेथे मागच्याच्या खांद्याला खांदा लावून चालतो. परीक्षणाने मापन द्यावे. पण ते मापन कोणत्या घरात लागू पडते हे न सांगता दिलेले मापन वाचकाची दिशाभूल करते.

२०२४च्या त्याच मोसमात इंटेलचाही अपेक्षाभंग नोंदला गेला, आणि तो अधिक गंभीर होता. २४ ऑक्टोबर रोजी आलेला कोअर अल्ट्रा ९ २८५के हा ५८९ डॉलरांचा प्रोसेसर टी. एस. एम. सी.च्या ३ नॅनोमीटर प्रक्रियेवर घडविलेल्या गणन-तुकड्याचा होता. पण रॅमचे नियंत्रण त्या तुकड्याबाहेर, शेजारच्या तुकड्यात, गेल्याने स्मृतीपर्यंतचा हेलपाटा लांबला. अनेक खेळांत तो स्वतःच्याच घरच्या जुन्या १४९००केच्या मागे पडला. वीज कमी लागे, हे खरे. डिसेंबरमध्ये कंपनीने काही कारणे मान्य करून दुरुस्त्या जाहीर केल्या. तथापि व्यवस्थित मांडलेल्या यंत्रांवर त्यांचा मोठा परिणाम तपासणाऱ्यांना दिसला नाही. यासाठी नवा मदरबोर्डही घ्यावा लागे, कारण सॉकेट १७०० बिंदूंचे बदलून १८५१चे झाले होते. ए. एम. डी.च्या प्रोसेसरचे यश मर्यादित होते. येथे काही बाबतींत पाऊल मागे पडले होते.

आणि खरोखरीचे अपयश कसे असते हे पाहावयाचे तर १२ ऑक्टोबर २०११ रोजी आलेल्या ए. एम. डी.च्या एफ. एक्स. ८१५० या प्रोसेसरकडे जावे लागते. ‘बुलडोझर’ रचनेचे हे आठ कोअर दोन-दोनांच्या जोड्यांत बांधलेले होते आणि प्रत्येक जोडीत आज्ञा उलगडणारा भाग व दशांश गणिताचे एकक सामाईक होते. एकेरी कामात तो आपल्याच पूर्वीच्या फेनोम घराण्याच्या मागे पडत असे. येथे दोष पुरवठ्यात नव्हता की चाचणीत नव्हता. ‘आठ कोअर’ या शब्दांच्या अर्थावरच वाद माजला, तो अमेरिकेत न्यायालयात गेला आणि २०१९ साली कंपनीने १ कोटी २१ लक्ष डॉलरांवर तडजोड केली. झेन ५ला बुलडोझरच्या पंक्तीस बसविणारी टीका ही टीका नव्हे, कोलाहल होय.

वास्तविक या सर्व अपेक्षाभंगांच्या मुळाशी एक जुने, वारसाहक्काने आलेले माप आहे. १९८९ सालचा ४८६ प्रोसेसर २५ मेगाहर्ट्झवर चालत असे. २००४ साली पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झला पोहोचला. पंधरा वर्षांत घड्याळ सुमारे दीडशेपट झाले. त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत रद्द केला, आणि कंपनीचे तत्कालीन मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर गुडघे टेकून, अर्धवट थट्टेने का होईना, क्षमा मागितली. त्यानंतरच्या वीस वर्षांत, २०२४ सालच्या १४९००केएसपर्यंत, घड्याळ ३.८वरून ६.२ गिगाहर्ट्झवर गेले. म्हणजे दीडपटीहून थोडेसे अधिक. ट्रान्झिस्टर लहान होतील तसतशी त्यांची विजेची भूकही त्याच प्रमाणात घटेल, हा रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली मांडलेला नियम त्या सुमारास लागू पडेनासा झाला होता. कोअरची संख्या वाढली, कॅश वाढली, अनुमानयंत्रणा सूक्ष्म झाली. परंतु दर दोन वर्षांनी नवे यंत्र जुन्याला लाजवील हा अनुभव संपला. ग्राहकाच्या मनातील घड्याळ मात्र २००४च्या आधीच्या वेळेवरच चालू राहिले. पिढीमागे दहा टक्के वाढ धरली तर दोन पिढ्यांनी गती १.२१ पट, तीन पिढ्यांनी १.३३ पट आणि सात पिढ्यांनी जवळजवळ दुप्पट होते. दर पिढीस यंत्र बदलणाऱ्याच्या वाट्याला हेच दहा टक्के सात वेळा, सात निराशांच्या रूपाने येतात. सात पिढ्या थांबणाऱ्याला ते एकाच विस्मयाच्या रूपाने मिळतात.

त्यातही दहा टक्के हे सर्व कामाला लागू होत नाहीत. एखादे काम तासाभराचे असेल आणि त्यांपैकी ४५ मिनिटे प्रोसेसरची व उरलेली १५ डिस्क, जाळे व अन्य प्रतीक्षेची असतील, तर १५ टक्के वेगवान प्रोसेसर ती ४५ मिनिटे ३९वर आणील. तास ५४ मिनिटांचा होईल. जीन अॅम्डाल यांनी १९६७ साली दाखविलेला हिशेब तो हाच. तेव्हा सहा मिनिटांची किंमत काय, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःच्या दिवसाला विचारावयाचा आहे. रोज दहा तास चित्रफितींवर काम करणाऱ्याचे उत्तर निराळे, आणि पत्रे लिहून हिशेब ठेवणाऱ्याचे निराळे. भारतातील ग्राहकाला या हिशेबात डॉलरचा भाव आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर हेही धरावे लागतात.

मग यंत्र केव्हा बदलावे? अनुभवाने असे दिसते की, नव्या प्रोसेसरची गुणवत्ता हे बदलाचे कारण क्वचितच ठरते. कारणे बहुधा बाहेरून येतात. जानेवारी २०११ मध्ये आलेला इंटेलचा आय७ २६००के चार कोअरचा होता, आणि जानेवारी २०१७ मध्ये आलेला आय७ ७७००के हाही चारच कोअरचा. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी हात राखला त्यांचे फारसे काही बिघडले नाही. परंतु मार्च २०१७ मध्ये ए. एम. डी.ने आठ कोअरचे रायझेन आणले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलने सहा कोअरचा आय७ ८७००के जवळपास जुन्याच किमतीला दिला. त्याला आधीचे मदरबोर्डही चालत नव्हते. वर्षाच्या आरंभी ७७००के घेणाऱ्याची नऊ महिन्यांतच अशी पंचाईत झाली. पण त्याची खरी पंचाईत पुढे चार वर्षांनी झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत ८७००के होता, ७७००के नव्हता. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला तेव्हा, नऊ महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन यंत्रांपैकी एक अधिकृतपणे पुढे चालू शकत होते आणि दुसऱ्याला सुरक्षा-अद्यतनांची तात्पुरती मुदतवाढ तरी घ्यावी लागत होती, नाही तर दुसरी कार्यप्रणाली स्वीकारावी लागत होती. २०१७ सालच्या कोणत्याही परीक्षणात, कोणत्याही आलेखात, हा फरक नव्हता; असणे शक्यही नव्हते.

सॉकेटची गोष्ट हीच आहे, फक्त उलट्या बाजूने. २०१७च्या रायझेनसाठी ए. एम. ४ सॉकेटचा मदरबोर्ड घेतलेल्या कित्येकांना फर्मवेअर बदलून त्याच बोर्डावर एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी बसविता आला. त्यांनी रॅम बदलली नाही, बोर्ड बदलला नाही. पाच वर्षांची मजल एका दुपारच्या कामात मारली. ज्याच्या बोर्डावर अशी जागा शिल्लक आहे त्याला नव्या मालिकेच्या निराशेशी काही कर्तव्यच उरत नाही. उलट, ज्याला बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर ही तिन्ही एकदम घ्यावयाची आहेत, त्याने प्रोसेसरच्या किमतीची तुलना करणे हे नवरीच्या फक्त शालूचा भाव विचारून लग्नाचा खर्च काढण्यासारखे आहे.

सर्वांत वेगवान ते सर्वांत सुरक्षित, हीही समजूत टिकत नाही. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील वरच्या दर्जाचे प्रोसेसर काही काळाच्या वापरानंतर अस्थिर होऊ लागले. जुलै २०२४ मध्ये कंपनीने त्याचे कारण अवाजवी व्होल्टेजची मागणी असल्याचे मान्य केले, ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये सूक्ष्मसंकेतांच्या दुरुस्त्या दिल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. ज्यांच्या प्रोसेसरला इजा पोहोचली होती त्यांना दुरुस्तीने ती भरून मिळणार नव्हती. त्यांना तो बदलून घेण्याचा खटाटोप करावा लागला. प्रथम दिवशीच्या परीक्षणांत हे प्रोसेसर आलेखांच्या शिखरावर होते. परीक्षकांचा यात अपराध नाही. दीड-दोन वर्षांनी प्रकट होणारा दोष आठवड्याच्या चाचणीत कसा सापडावा? परंतु नव्या वस्तूच्या खरेदीत सहा-आठ महिने मागे राहण्याला जो व्यवहारी अर्थ आहे, तो या प्रकरणात चांगलाच दिसून आला.

तथापि थांबणे हे फुकट असते, असाही समज करून घेऊ नये. झेन ५ निराशाजनक म्हणून ज्यांनी २०२४ मध्ये खरेदी लांबणीवर टाकली, त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे २०२२चा प्रोसेसर होता त्यांनी शहाणपणाचेच केले. ज्यांच्याकडे २०१७चा होता, त्यांनी मात्र दुसऱ्याच्या निराशेला आपली मानले. त्यांच्या तुलनेचा पूर्वपक्ष ७७००एक्स हा नव्हताच. त्यांच्या दृष्टीने ९७००एक्स हा ३५९ डॉलरांना मिळणारा, पूर्वीच्यापेक्षा कोअरने दुप्पट आणि विजेला माफक असा प्रोसेसर होता, आणि त्याच वेळी सवलतीत विकला जाणारा जुना ७७००एक्स तर त्याहूनही फायद्याचा होता. २०२५ सरता सरता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतिचिपांची प्रचंड मागणी केल्यामुळे डेस्कटॉपच्या रॅमच्या किमती वेगाने चढल्या; डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. विंडोज १०चा आधार संपल्यामुळे ज्यांना त्याच सुमारास बोर्डासह सर्वच बदलणे भाग पडले, त्यांना प्रोसेसरवर वाचविलेले पैसे रॅमच्या दुकानात मोजावे लागले.